जंगल जळालेल्या डोंगरावर बर्फ कसा वागतो

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही नवरा-बायको नागपूरचे, दोघंही मिहानमध्ये नोकरीला. गुलमर्गला दोन हिवाळे स्कीइंग शिकलो. आता कामासाठी जानेवारी ते एप्रिल अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला राहणार आहोत. तिथून साधारण दोन तासांवर सिएरा-ॲट-टाहो हे स्की रिसॉर्ट आहे. तिथलं जंगल २०२१ च्या वणव्यात जळालं. एक मित्र म्हणतो, तिथली मजाच गेली. दुसरा म्हणतो, उलट मोकळं झालं, आधीपेक्षा छान. दोघंही तिथे स्की करून आलेत. खरं कोणाचं? आणि आमच्यासारख्या शिकाऊंना धोका किती?"

दोघांचंही खरं आहे. ते कोणत्या वर्षी गेले, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, एवढं मला कळलं तर कोण काय म्हणाला असेल हे मी न विचारता सांगेन. जळालेल्या जंगलातल्या स्कीइंगचं मर्म या तीन गोष्टींतच आहे. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी मी हे कशाच्या जोरावर सांगतो आहे ते सांगतो. माझे वडील वन खात्यात होते. फेब्रुवारी लागला की ते देवलापारच्या बाजूला जाळरेषांच्या, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांच्या, कामात बुडालेले असत आणि सुट्टीच्या दिवशी मलाही सोबत नेत. वणवा काय असतो हे मी तिथे पाहिलं. बर्फ पुढे गुलमर्गला शिकलो, तुमच्यासारखाच. नंतर सतरा हिवाळे टाहो सरोवराभोवतीच्या डोंगरांवर स्की पेट्रोलमध्ये काढले. सकाळी लोक यायच्या आधी उतार तपासायचे, हिमस्खलनाची शक्यता असेल तिथे स्फोटकं लावून बर्फ आधीच पाडायचा, दिवसभर जखमी माणसं स्लेजवरून खाली आणायची, हे माझं काम. त्यातले शेवटचे हिवाळे जळालेल्या झाडांमध्ये गेले.

तो वणवा म्हणजे कॅल्डॉर फायर. १४ ऑगस्ट २०२१ ला ग्रिझली फ्लॅट्स या गावाजवळ तो सुरू झाला आणि दोन-तीन दिवसांत त्याने ते गाव जवळजवळ पुसून टाकलं. महिनाअखेरीस तो सिएरा नेवाडा या पर्वतरांगेचा कणा ओलांडून टाहोच्या बाजूला उतरू लागला, आणि ३० ऑगस्टला साउथ लेक टाहो हे अख्खं शहर रिकामं करावं लागलं. ऑक्टोबरात पूर्ण आटोक्यात येईपर्यंत २,२१,००० एकरांहून जास्त क्षेत्र जळालं होतं, म्हणजे जवळपास ९०० चौरस किलोमीटर. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचं महाराष्ट्रातलं क्षेत्र बफरसकट ७४१ चौरस किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. सिएरा-ॲट-टाहो या वणव्याच्या ऐन वाटेत आलं. साधारण २,००० एकरांचं रिसॉर्ट, त्यातल्या बहुतेक भागातून आग गेली. पायथ्याची मुख्य इमारत वाचली. वेस्ट बोल नावाच्या बाजूचं जंगल मात्र होत्याचं नव्हतं झालं.

इथे विदर्भातल्या माणसाचा एक गैरसमज होतो. माझाही झाला होता. आपल्या सागाच्या जंगलात वणवा बहुधा जमिनीवरून जातो. पाचोळा जळतो, खोडं काळवंडतात, रोपटी जातात. पण पहिला पाऊस पडला की सागाच्या बुडातून फुटवे येतात आणि दोन पावसाळ्यांत अनोळखी माणसाला इथे आग लागली होती हे कळतही नाही. तिथल्या रेड फर, जेफ्री पाइन, लॉजपोल पाइन या सूचिपर्णी झाडांचं तसं नाही. आग एकदा शेंड्यापर्यंत चढली आणि सगळ्या सुया जळाल्या की झाड मेलं. बुंध्यातून पुन्हा फूट येत नाही. शेजारी जिवंत झाड उरलं असेल तर त्याचं बी पडायचं, रुजायचं, आणि जुन्या फरसारखं झाड उभं राहायला शतक जायचं. म्हणजे वणव्यामुळे स्कीइंगमध्ये झालेला बदल एका हंगामापुरता नसतो. तो दर वर्षी रूप बदलत चालू राहतो आणि आपल्या आयुष्यात तरी संपत नाही.

आता बर्फाकडे येतो.

दाट सूचिपर्णी झाडं ही बर्फावरचं छप्पर असतात. हिमवर्षाव होतो तेव्हा पडणाऱ्या बर्फाचा मोठा वाटा फांद्यांवरच अडकतो. त्यातला काही तिथूनच हवेत उडून जातो, काही नंतर ढेकळांनी खाली पडतो. छप्पर गेलं की हा सगळा बर्फ थेट जमिनीवर येतो. त्यामुळे वणव्यानंतरच्या हिवाळ्यात वादळ ओसरल्यावर, पहिल्या सकाळी, जळालेल्या भागात बर्फ जास्त साचलेला दिसतो. उतार रुंद, भुरभुरीत बर्फ गुडघाभर, आणि पूर्वी ज्या झाडांमधून जीव मुठीत धरून वळावं लागे तिथे आता डोळ्यांना लांबवर वाट दिसते. तुमचा दुसरा मित्र अशाच सकाळी गेला असणार. त्याचा आनंद खोटा नव्हता. मीही त्या सकाळी अनुभवल्या आहेत. जळलेल्या खोडांच्या काळ्या रेघा आणि मधून खाली वाहणारा पांढरा उतार बघताना एकाच वेळी आनंदही झाला आहे आणि घसा दाटूनही आला आहे.

पण छप्पर बर्फ अडवतं तसं ऊनही अडवतं. आपल्याकडे मे महिन्यात सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या झाडांखालून जाताना जे वाटतं आणि तिथून उघड्या डांबरी रस्त्यावर आलं की जे वाटतं, तोच फरक त्या बर्फाला सोसावा लागतो. त्यात काळ्या कणांची भर पडते. नागपुरात उन्हाळ्यापूर्वी आपण गच्चीला चुना मारतो, कारण पांढरं छत ऊन परतवतं. ताजा बर्फ या बाबतीत चुन्याहून सरस आहे, अंगावर आलेलं ऐंशी-नव्वद टक्के ऊन तो परत पाठवतो. जळकी झाडं मात्र सबंध हिवाळाभर त्यावर कोळशाची भुकटी आणि करपलेल्या सालीचे कपचे झाडत असतात. वारा सुटला की जास्तच. म्हणजे चुना मारलेल्या गच्चीवर कोणी रोज थोडी काजळी उधळावी तसं. ओरेगॉनमधल्या कॅस्केड पर्वतात शास्त्रज्ञांनी जळालेलं आणि न जळालेलं जंगल शेजारी शेजारी मोजलं, तेव्हा जळालेल्या भागात बर्फ जास्त साचूनही २३ दिवस आधी संपला होता. वितळण्याचा वेग दुपटीच्या घरात होता.

यात महिन्याचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. जानेवारीत तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम तीस अंश वर येतो, आणि दर थोड्या दिवसांनी नवीन वादळ येऊन काजळी झाकून टाकतं. त्यामुळे जानेवारीत काळ्या कणांचा त्रास फारसा जाणवत नाही. मार्चमध्ये सूर्य पन्नास अंशांवर जातो, वादळं विरळ होतात, वरचा थर वितळू लागतो. मग आधीच्या वादळांखाली थराथरांत दबलेली काजळी एकेक करून वर येते आणि एकत्र होते. मार्चअखेरचा जळक्या जंगलातला बर्फ जवळून बघा, मिरपूड टाकल्यासारखा दिसतो. तो दुपारी पाण्यासारखा मऊ आणि रात्री गोठून खडखडीत होतो. सकाळी नऊ वाजता त्याच्यावर स्कीची कड धरत नाही, दुपारी दोनला स्की त्यात रुतते. मधले दीड-दोन तास छान असतात, तेवढेच. हिरव्या झाडांच्या सावलीत हेच चक्र हळू फिरतं, म्हणून तिथे चांगला बर्फ दिवसभर पुरायचा. तुमचा पहिला मित्र मार्च-एप्रिलमध्ये, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, भलत्या वेळी पोहोचला असं मला वाटतं.

आणि वर्षाचा हिशेब असा. आगीनंतरचा पहिला हिवाळा रिसॉर्ट जवळजवळ पूर्ण बंदच होतं, एप्रिल २०२२ मध्ये थोडे दिवस काही भाग उघडला. उन्हाळाभर हजारो जळकी झाडं पाडून, ओढून बाहेर काढली आणि डिसेंबर २०२२ ला ते पुन्हा सुरू झालं. नेमका तो हिवाळा मध्य सिएराच्या इतिहासातल्या सर्वांत भरभरून बर्फ पडलेल्या हिवाळ्यांपैकी निघाला. डॉनर खिंडीजवळच्या हिमप्रयोगशाळेत त्या हंगामात ७५४ इंच, म्हणजे १९ मीटरहून जास्त बर्फ मोजला गेला. एवढ्या बर्फाखाली बुंधे, ओंडके, खड्डे सगळं खोल गाडलं गेलं. त्या वर्षी गेलेल्या माणसाने "वणव्याने डोंगर सुधारला" असं म्हणणं अगदी स्वाभाविक होतं. पण तो दाखला सगळ्या वर्षांना लावू नका. बेताच्या बर्फाच्या वर्षी तोच उतार वेगळा असतो.

वाऱ्याबद्दल लोक कमी बोलतात, पण मला सगळ्यात मोठा फरक तिथे जाणवला. काटोल-नरखेडकडचे बागायतदार संत्र्याच्या बागेभोवती वारा अडवायला उंच झाडांची रांग लावतात ना, फर आणि पाइनचं जंगल बर्फासाठी तेच करत होतं. ते गेल्यावर वारा उतारावरून सरळ पळतो. कड्यावरचा बर्फ खरवडून नेतो, तिथे उघडी खडी उरते. आडोशाच्या बाजूला नेऊन तो थापतो, तिथे कडक, पोकळ वाजणारी पाटी तयार होते. पूर्वी एका उतारावर वरपासून खालपर्यंत एकसारखा बर्फ मिळायचा, आता शंभर मीटरमध्ये तीन प्रकार मिळतात. शिकाऊ माणसाला हे अवघड जातं, कारण पाय एका बर्फाला सरावतात तोवर तो बदललेला असतो.

वादळाच्या दिवसाचंही तसंच. जोराचा बर्फ पडत असताना आभाळ आणि जमीन एकच पांढरी होतात, उतार खाली जातोय की आपण थांबलोय हेही कळत नाही. दोन्ही बाजूंना हिरवी गर्द झाडं असली की डोळ्यांना आधार मिळतो, म्हणून जाणकार लोक वादळाच्या दिवशी मुद्दाम झाडांमध्ये स्की करायचे. सिएरा-ॲट-टाहोचं नाव याच झाडांमधल्या स्कीइंगसाठी होतं. जुने रेड फर, बुंध्यांवर पोपटी-पिवळं शेवाळासारखं दगडफूल, मधून जेमतेम दोन माणसांची वाट. ते गेलं याचं दुःख तिथल्या लोकांना घरचं माणूस गेल्यासारखं आहे. कोणी तिथे हळहळताना दिसलं तर "आता मोकळं छान झालंय" असं लगेच म्हणू नका.

आता धोक्यांबद्दल, म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल.

पहिला धोका उभ्या मेलेल्या झाडांचा. वणव्यात मेलेलं झाड लगेच पडत नाही. मुळं कुजत जातात, बुंधा पोखरतो, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं ती झाडं एकेक करून पडत राहतात. कधी कुठलं पडेल याचा नेम नसतो. रिसॉर्टवाले चालू उतारांच्या आणि लिफ्टच्या कडेची धोकादायक झाडं काढून टाकतात. आतल्या सगळ्या जंगलातली काढणं कोणालाच शक्य नसतं. वाऱ्याच्या दिवशी अशा झाडांमध्ये शिरू नका, आणि शांत दिवशीही त्यांच्याखाली थांबून डबा उघडू नका, फोटो काढत उभे राहू नका. पेट्रोलमध्ये असताना मी नव्या मुलांना सांगायचो की जंगलात करकर असा आवाज आला तर आधी वर बघ, मग पळ. ज्या दिशेला बघितलंच नाही तिकडे पळालेला माणूस झाडाखालीच सापडतो.

दुसरा धोका बर्फाखालचा. आग बुंध्यातून मुळांत शिरते आणि जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहते. मुळं जळून गेल्यावर तिथे पोकळी उरते. वरून बर्फाचं पातळ झाकण बसतं आणि खाली खड्डा. अमेरिकेतच दुसऱ्या एका राज्यातल्या जळालेल्या डोंगरावर, डिसेंबरच्या सुरुवातीला, एका बाईंना मी अशा खड्ड्यातून बाहेर काढलं आहे. स्की वर आडवी अडकली, पाय खाली गेला, गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. त्या उत्तम स्की करणाऱ्या होत्या. उतार दोराने बंद केलेला होता आणि त्या दोराखालून गेल्या होत्या, कारण वरून बघता बर्फ गुळगुळीत दिसत होता. म्हणून तळाचा बर्फ दीड-दोन मीटर होईपर्यंत जळालेल्या भागात ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांबाहेर पाऊल टाकू नका. तुम्ही जानेवारीत पोहोचाल तेव्हा त्या वर्षी बर्फ किती साचलाय ते रिसॉर्टच्या रोजच्या नोंदीत बघा.

उलट एक जुना धोका कमी होतो. गुलमर्गला तुम्हाला झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खळग्याबद्दल सांगितलं असेल, खालच्या फांद्यांच्या आडोशाने बुंध्याजवळ बर्फ कमी साचतो आणि माणूस डोक्यावर आत पडू शकतो. फांद्याच जळून गेल्या की तसा खोल खळगा होत नाही. पण जिवंत झाडांचे जे पट्टे उरलेत तिथे तो आहेच, आणि आता सगळे झाडांचे शौकीन त्याच पट्ट्यांत गर्दी करतात. तिथे जाल तर दोघांनी एकमेकांना दिसेल अशा अंतरावर राहा.

हिमस्खलनाचा विषय मी पेट्रोलवाला म्हणून जरा सविस्तर सांगतो. उभ्या उतारावरचं दाट जंगल बर्फाला खुंट्यांसारखं धरून ठेवतं. फांद्यांवरून पडणारी ढेकळं खालचे थर चिरडून एकमेकांत मिसळतात, त्यामुळे सलग कमकुवत थर टिकत नाही. छप्पर असल्याने निरभ्र रात्री बर्फाची ऊब आकाशात निघून जात नाही, म्हणून पृष्ठभागावर दवाच्या सुयांचा तो नाजूक थरही कमी बनतो, ज्याच्यावर पुढचं वादळ बसलं की सगळा उतार घसरायला टपलेला असतो. जंगल जळालं की ही तिन्ही राखणं सुटतात. पहिली काही वर्षं मेलेले बुंधे निदान खुंट्यांचं काम करतात, ते कुजून पडू लागले की तेही संपतं. त्यामुळे तीस अंशांहून उभा, पूर्वी कधी न घसरलेला उतार वणव्यानंतर सातव्या-आठव्या वर्षीही पहिल्यांदा घसरू शकतो. आम्हाला अशा जागांचा नव्याने नकाशा करावा लागला, जिथे जुन्या लोकांनी उभ्या आयुष्यात स्फोटक लावलं नव्हतं. तुम्ही रिसॉर्टच्या हद्दीत, उघड्या उतारांवर राहिलात तर हे ओझं पेट्रोलवर आहे, तुमच्यावर नाही. पण हद्दीबाहेर, "इथे तर झाडं आहेत, इथे काय होणार" हा जुना आडाखा जळालेल्या जंगलात वापरू नका.

लिफ्टचं थोडक्यात. पोलादी दोर आगीच्या उष्णतेने आतून कमजोर होतो, वरून ठीक दिसला तरी. सिएरा-ॲट-टाहोला काही लिफ्टचे दोर बदलावे लागले. हे काम काटेकोर तपासणीशिवाय सुरूच करू देत नाहीत, त्यामुळे लिफ्टची काळजी करू नका. फक्त वाऱ्याच्या दिवशी वरच्या लिफ्ट बंद ठेवल्या जाऊ शकतात, तशी मनाची तयारी ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगावंसं वाटतं. ज्या रिसॉर्टकडे कृत्रिम बर्फ करणारी यंत्रं आहेत त्यांनी अलीकडे वणव्याशी तीच घेऊन सामना केला आहे. कॅल्डॉरच्या वेळी शेजारच्या हेवनली आणि कर्कवूडने, २०१३ मध्ये आयडाहोतल्या सन व्हॅलीने, २०२४ च्या ब्रिज फायरमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या माउंटन हायने बर्फाच्या तोफांमधून पाणी मारून उतार आणि इमारती ओल्या ठेवल्या. ऑस्ट्रेलियातलं सेल्विन हे छोटं रिसॉर्ट मात्र जानेवारी २०२० मध्ये इमारतींसकट भस्म झालं आणि २०२३ च्या हिवाळ्यातच परत उघडलं. तिथली स्नो गमची झाडं आपल्या सागासारखी बुडातून फुटतात, तेवढा त्या डोंगराला आधार आहे.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. जानेवारी-फेब्रुवारीत जास्तीत जास्त जा. वादळ संपल्यानंतरचा पहिला स्वच्छ दिवस मिळाला तर सुट्टी टाका, आणि सकाळी लिफ्ट उघडायच्या आधी रांगेत असा, कारण जळालेल्या उतारावरचा चांगला बर्फ दुपारपर्यंत थांबत नाही. सकाळी पूर्वेकडचे उतार, दुपारी उत्तरेकडचे. मार्चनंतर दहा ते बारा एवढीच वेळ धरा. खूप बर्फ पडत असेल आणि काही दिसत नसेल तर उघड्या भागात हट्टाने जाऊ नका, खालच्या बाजूला जिथे हिरवी झाडं उरली आहेत तिथल्या सोप्या उतारांवर राहा. चष्म्याची फिकट काच जवळ ठेवा. स्कीच्या तळाला मेण जास्त वेळा लावावं लागेल, काजळी त्यात बसते आणि स्की अडखळते. दोर बांधलेला दिसला की तिथून मागे वळा, पलीकडे कोणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या तरी.

एप्रिलमध्ये शेवटच्या फेऱ्या माराल तेव्हा बर्फातून वीतभर हिरवे शेंडे वर आलेले दिसतील, नव्याने उगवलेल्या किंवा लावलेल्या रोपांचे. त्यांच्यावरून स्की नेऊ नका. स्कीची पोलादी कड लागली की शेंडा कापला जातो, आणि वरचा शेंडा गेलेलं रोप अनेक वर्षं मागे पडतं.